कांताबाईंचा सतरावा प्रश्न

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. उलट कॉलेजात कोणी भुताचं सांगायला लागलं की मी विचारायचे, "सॅम्पल साइझ किती?" आज तुम्ही मला तेच विचारणार, माहीत आहे. सॅम्पल एकच... मी.

एम.ए.ला माझा विषय प्रादेशिक विकास. तेजश्री आणि मी गंगापूर रोडला एका खोलीत राहायचो, एका डब्यात जेवायचो. प्रोजेक्टही जोडीनं घेतला: अंबडच्या कारखान्यांमुळे सायखेडा गावातल्या घरांचं काय बदललं? निम्मी घरं तिची, निम्मी माझी. डिग्री त्याच्यावरच अडलेली.

तिचे फॉर्म चाळताना एक अर्धवट सापडला. कांताबाई. नवरा अंबडला प्रेस मशीनवर, उजव्या हाताची दोन बोटं गेलेली. शेवटचा, सतरावा प्रश्न कोरा. तेजश्री तापानं झोपलेली, म्हणून तिला न उठवता मीच एसटीनं गेले.

भर दुपार होती. फॉर्मवर लिहिलं होतं तसंच, नदीकडच्या वाटेवरचं शेवटचं घर. ओट्यावर एक बाई मेथीच्या जुड्या बांधत होती. आत नवरा तीन बोटांत कप धरून चहा पीत होता. मी कॉलेजचं नाव सांगितलं तर बाई म्हणाली, "ती दुसरी पोरगी आलीच नाय कधी. तिनं मला स्टँडवर बसून लिवलं. सतराव्यापाशी आली अन् तिची गाडी लागली."

मला वाटलं, बाई चेष्टेखोर दिसते. हसत प्रश्न वाचला: गावातच काम मिळालं तर बाहेरचं सोडाल का?

ती हसली नाही. "इथं ऱ्हायला मिळालं तर कोण जाईल, बाई? लिव तसंच."

मी तसंच लिहिलं.

खोलीवर येऊन सांगितलं तर तेजश्रीचा चेहराच उतरला. "कोण कांताबाई? अगं, ते सगळे फॉर्म मी स्टँडवर बसून भरलेत... नाव, बोटं, सगळं मनाचं!"

भीती मला नंतर वाटली. आधी रडू आलं. सहा महिने मी हिच्या घरांवर चॅप्टर लिहीत होते! प्रोजेक्टच्या सरांना सांगू या, म्हटलं. "उद्या दोघी जाऊ," ती म्हणाली.

सकाळी ती एकटीच गेली. खोटी घरं मी सांगितली, तिनं फक्त लिहून काढली... असा आळ तिनं सरांसमोर माझ्यावरच घेतला. सरांनी गावात चौकशी केली. कांताबाई नावाचं कोणी नाही. त्या जागी कांदा साठवायची चाळ आहे, कित्येक वर्षांची. मी जाऊन पाहिली.

"जी बाईच नाही, तिचं उत्तर तुझ्या अक्षरात कसं?" सरांनी विचारलं.

कांताबाई तू मनानं रचलीस असं लिहून दे, पुढच्या वर्षी बसू देतो, म्हणाले. मी लिहून दिलं.

तेजश्री पास झाली. मला मात्र त्या दुपारचा उलगडा अजून झालेला नाही. त्या सगळ्यात माझ्याशी खरं बोलली ती कांताबाई एकटी... आणि ती नाहीच, अशी सही मी करून आले.