आधी हेल्मेट, मग चावी

गेटवर बसणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. ते तिकीट काढून समोर येतात.

राहुरीहून मुळा धरणाकडे जाताना माझ्या पुतण्याचं, सुनीलचं, कृषी पर्यटन आहे. हुरडा, जेवण आणि चार एटीव्ही. एटीव्ही म्हणजे जाड टायरांची चारचाकी मोटरसायकल. त्यांच्या चाव्या माझ्याकडे असतात. माझं शिक्षण चौथीपर्यंत. नियम तीनच. डोक्यात हेल्मेट, पायात बूट, गाडीवर एक माणूस. हेल्मेट आणि बूट आम्हीच देतो, त्यामुळे सबबीला जागा नाही.

* * *

नेवाशाचा एक पाहुणा बुटांवर अडला. "तात्या, जन्म गेला मोटरसायकलवर. चपलेवर चालवतो."

"मग इथं बुटावर चालवा."

तोंड वाकडं करून घातले. वळणावर गाडी हळू झाली, तसा सवयीनं पाय खाली टेकवला. मोटरसायकलला ते लागतं. ही चार चाकांवर उभी असते, हिला टेकू लागत नाही. मागचं चाक बुटाच्या टोकावर चढलं. माझ्या हातात रिमोट असतो, तो दाबून इंजिन बंद केलं. बूट चेपला, पाय शाबूत.

जाताना हळूच म्हणाला, "असले बूट नगरला कुठं मिळतील?"

* * *

पाथर्डीकडचे तीन मित्र आले आणि तिघंही एकाच गाडीवर चढले.

"उतरा. एकच माणूस."

"तात्या, आमच्याकडं जीपमध्ये पंधरा बसतो आमी."

"बसत आसाल. इथं दोघांनी खाली उभं राहून फोटो काढायचे."

ते रागानं निघून गेले. सुनील ऑफिसातून बघत होता. बाहेर येऊन म्हणाला, "तात्या, तुमी गिऱ्हाईक पळवता. आता आजून एक परत गेलं तर गेटवर दुसरा मानूस बसवीन."

मी म्हटलं, "बसव. नियम त्यालाबी सांग."

* * *

एक बागायतदार आले, वय माझ्याएवढं. सगळं ऐकून घेतलं. उजव्या अंगठ्यानं दाबलं की पळते, अंगठा काढला की मंदावते, हे दोनदा म्हणून दाखवलं. सुरुवात चांगली झाली. पण कडेचा ऊस जवळ आला आणि त्यांनी हँडल बैलाच्या कासऱ्यासारखं छातीकडे ओढलं. "हो, हो, हो!" ओढताना अंगठा आणखी दाबला गेला. गाडी उसात शिरली.

मी रिमोट दाबला. गाडी थांबली.

पाचट झटकत बाहेर आले. चेहरा खुलला होता. "बगा, ऐकलं का न्हाई शेवटी?"

मी रिमोट खिशात घातला.

* * *

सुनीलनं टेकाडावरून चढाचा नवा ट्रॅक केला. उद्घाटनाला साखर कारखान्याचे एक संचालक आले. सत्कार झाला, फेटा बांधला. साहेब फेट्यानिशी गाडीवर बसले. फोटोवाला पुढं सरसावला. मी हेल्मेट पुढं केलं.

सुनील कानाशी लागला. "तात्या, सत्काराचा फेटा उतरवायला सांगत्यात व्हय कुनाला? चावी द्या. न्हाईतर उद्यापासून घरी बसा."

"बसतो. आज चावी माझ्याकडं हाय."

साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आजवर कोणाचं डोकं फुटलंय का इथं?"

"न्हाई. म्हनूनच."

त्यांनी फेटा उतरवला. तो जमिनीवर ठेवता येत नाही आणि खुर्च्या लांब होत्या. त्यांनी तो माझ्या डोक्यावर ठेवला, हेल्मेट घातलं आणि हात पुढं केला. मी चावी दिली. गाडी चढाकडे वळवू लागले.

"साहेब, आज सपाटीवर. हात बसल्याशिवाय चढ न्हाई."

सुनीलनं डोळे मिटून घेतले. साहेब सपाटीवर फिरले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. घरी बसा म्हटल्यावर बसलो. चहा होतोय तोच सुनील पेपर घेऊन आला. फोटोत हेल्मेटमधला माणूस कोण ते कळत नव्हतं. पुढं डोक्यावर फेटा घेऊन मी उभा होतो. खाली छापलं होतं, ट्रॅकचं उद्घाटन करताना संचालक.

"साहेबांचा फोन आल्ता," सुनील म्हणाला.

"चिडले?"

"न्हाई. म्हनले, पेपरातल्या संचालकांना विचार, रविवारी चढावर सोडत्यात का."