तांदळाएवढी अक्षरं

छाप कापून झाले की कडेचे बारीक तुकडे उरतात. एखादा 'सो', अर्धा 'पूर', एखादा सुटा आकडा. टाकवत नाहीत म्हणून मी ते बिस्किटांच्या डब्यात ठेवत गेले. किश्श्यांचंही तसंच झालं. एकेकटा सांगण्यासारखा वाटत नाही, आणि आता बघते तर डब्याचं झाकण बसत नाही.

आधी मंडळी सांगते. आमचे हे कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळी परत. रविवारी मात्र इथे सोलापुरात, नवी पेठेत, नानासाहेबांच्या स्टेशनरीच्या दुकानावरच्या माळ्यात. तिथे आठ पुरुषांचं मंडळ होतं, नानासाहेब अध्यक्ष. लाकूड-पत्र्याच्या वीतभर गाड्या करायचे. एसटी, मालट्रक, इंजिन. गाडी अगदी हुबेहूब, पण अक्षरं काढायला बसले की मुंगीने शाईतून पाय ओढत नेल्यासारखी! म्हणून ते काम आमच्या घरी आलं.

आम्ही तिघी होतो. मी, नरसम्मा आणि रशीदाबी. नरसम्माच्या घरी माग. चादरीची नक्षी चौकटीच्या कागदावर तीच उतरवायची. रशीदाबीचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. कागदाला खळ लावून वाळवायची, वर व्हार्निशचा हात, त्यावर तांदळाएवढी अक्षरं, पुन्हा व्हार्निश. कापून पाण्यात सोडलं की खळ विरघळते आणि अक्षरांची पातळ साय सुटते. ती बोटाने गाडीवर सरकवायची. हाच आमचा छाप.

पहिल्या प्रदर्शनात प्रत्येक गाडीपुढे करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी होती. आमची नावं कुठेच नव्हती. नरसम्मा एकेक चिठ्ठी वाचत शेवटच्या टेबलापर्यंत गेली आणि परत येऊन म्हणाली, "ताई, पुन्हा एकदा बघू का? मला मराठी वाचायला वेळ लागतो."

पुढच्या प्रदर्शनात हिला हिचं नाव वाचायला मिळालंच पाहिजे, हे मी तिथेच उभ्या उभ्या ठरवलं.

* * *

सुरुवातीला खळ मैद्याची असायची. गुठळ्या व्हायच्या, छाप फाटायचे. एका एकादशीला काम अडलं. त्या दिवशी मी पिठाला हात लावत नाही. घरात शिजत होता तो साबुदाणा. म्हटलं, याचीच खळ करू.

रशीदाबी म्हणाली, "भाभी, कागद का भी उपास रखते क्या तुम?"

डिंक घालून ती खळ लावली, आणि छाप असा सुटला, जशी दुधावरची साय! उरलेली वाटी मी गार व्हायला ठेवली. हे कारखान्यातून आले, हातपाय धुतले, साखर घालून वाटी संपवली आणि म्हणाले, "आज पेज जरा चिकट झालीय."

तेव्हापासून आमच्या छापांना बारा महिने एकादशी.

* * *

रशीदाबीचे करीमभाई एकदा आम्हाला हसले. "मैं हात-हातभर के हरफ लिखतौं. ये क्या चीज है?"

रशीदाबीने त्यांच्या हातात बारीक ब्रश दिला. ते मांडी घालून बसले. श्वास रोखला. सोडला. पुन्हा रोखला. कपाळावर घाम आला. बऱ्याच वेळाने एक अक्षर झालं, चांगलं टपोऱ्या हरभऱ्याएवढं.

रशीदाबीने ते उजेडात धरून पाहिलं. "इस हरफ कू बस नक्को. दुकान होना."

* * *

यांची पहिली एसटी पुरी झाली तेव्हा मी तिची पूजा केली. नवी वस्तू देवापुढे ठेवल्याशिवाय घराबाहेर जाऊ द्यायची नाही, ही आमच्याकडची रीत. हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि पळीने तीर्थ शिंपडलं. छाप लावल्यावर वरून द्यायचा व्हार्निशचा हात अजून बाकी होता, हे काही ध्यानात राहिलं नाही.

मी डोळे मिटून हात जोडले. उघडले तर 'सोलापूर–अक्कलकोट' ही पाटी काचेवरून घसरत चाकाशी येऊन बसलेली!

हे म्हणाले, "बरं झालं. गाडी हलायच्या आत अक्कलकोट आलं."

देवाने मला काम नीट करायला सांगितलं, असं मी समजले. दुसऱ्यांदा छाप लावला, वर व्हार्निशचे दोन हात दिले, ते वाळल्यावर पुन्हा पूजा केली. तीर्थ शिंपडूनच केली. अक्षर हललं नाही.

* * *

दुसरं प्रदर्शन जवळ आलं, तशी मी माळ्याची शिडी चढून नानासाहेबांकडे गेले. त्या शिडीवर तोवर बाईमाणूस चढलेलं नव्हतं.

"चिठ्ठ्यांवर आम्हा तिघींची नावं घाला," मी म्हटलं.

"वहिनी, चिकटवण्याला करणं म्हणत नाहीत," ते म्हणाले. "पत्रावर तिकीट चिकटवणाऱ्याचं नाव असतं का?"

"नसतं."

"मग झालं तर."

"मग यंदा गाड्या बिनतिकिटाच्याच उभ्या करा," मी म्हटलं आणि शिडी उतरले.

घरी येऊन देवापुढे बसले आणि नावं लागेपर्यंत चहा सोडला. ते देवाला सांगितलं, नानासाहेबांना नाही. देव ऐकेल याची मला खात्री होती.

यांनी चार दिवस वाट पाहिली. मग म्हणाले, "निदान घरच्या माणसाची गाडी तरी या संपातून वगळा."

"तुमची गाडी मंडळातलीच ना?" मी विचारलं. पाचव्या दिवशी यांनीही चहा सोडला.

* * *

आमच्यावाचून अडत नाही हे दाखवायला नानासाहेबांनी आपल्या इंजिनाचे नंबर कागदावर लिहून डिंकाने चिकटवले. वाळल्यावर कागद जागोजाग फुगला. नरसम्मा दुकानात चौकटीचा कागद आणायला गेली होती, तिने ते इंजिन पाहिलं.

"अय्यो, साहेब," ती कळवळून म्हणाली, "याला गोवर आलाय. वाऱ्यात ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी घरात बसलो होतो, तर नानासाहेब स्वतः आमच्या दारात. बाहेरगावाहून पाहुणे येणार होते, आणि आठ गाड्या कोऱ्या उभ्या होत्या.

"चिठ्ठ्या छापून आल्यात, त्यात आता बदल नाही," ते म्हणाले. "हवं तर गाडीच्या पोटाखाली लावा तुमची नावं. तिथं कोण बघतंय?"

रशीदाबी पदर खोचून उठली. "पोट के नीचे? नक्को!"

"चालेल," मी म्हटलं.

दोघी माझ्याकडे बघतच राहिल्या. नानासाहेब खूश होऊन गेले. मी नरसम्माला म्हटलं, "अक्षरं जरा मोठी काढ. खाली जागा पुष्कळ आहे."

* * *

प्रदर्शनाचे पाहुणे म्हणजे यांच्याच कुर्डुवाडीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक म्हातारे मिस्त्री. डोक्याला फेटा, हाताला अजून तेलाचा वास. नानासाहेबांनी हार घातला आणि आपल्या इंजिनापाशी नेऊन रंग, धुराडं, पितळी पट्ट्या, सगळं सांगायला सुरुवात केली.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं. मग दोन्ही हातांनी इंजिन उचललं आणि सरळ उलटं केलं.

"अहो, हे काय?" नानासाहेब म्हणाले.

"इंजन आदी खालनं बगायचं असतंय," मिस्त्री म्हणाले. "वरनं काय, समदीच झ्याक दिसत्यात." चष्मा वर सरकवून त्यांनी मोठ्याने वाचलं, "अक्षरं काढणाऱ्या, नरसम्मा, रशीदाबी, इंदिरा. लई बारीक हात हाय की. कुटं हायत ही मान्सं?"

यांनी मागून हात वर केला आणि आमच्याकडे दाखवलं.

मिस्त्रींनी इंजिन तसंच उताणं ठेवलं. दुसरी गाडी उचलली, उलटी केली, ठेवली. तिसरी. आठही गाड्या चाकं वर करून टेबलांवर पडल्या. नानासाहेब सरळ करायला पुढे झाले तसे मिस्त्री म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. लोकास्नी बगू द्या की."

नरसम्मा पहिल्या टेबलापाशी गेली. अक्षरांखाली बोट धरून तिने नाव वाचलं. मग दुसऱ्या टेबलाशी. तिथेही वाचलं. लोक तिच्या मागे थांबले होते, कुणी घाई केली नाही. आठव्या गाडीपर्यंत ती एकही टेबल न गाळता गेली.

नानासाहेब माझ्याजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, खरं सांगा. हे मिस्त्री गाडी अशी उलटी करून बघतात, हे तुम्हाला आधी ठाऊक होतं ना?"

"नानासाहेब," मी म्हटलं, "आज संकष्टी. चंद्र दिसेपर्यंत मी खोटं बोलत नाही. तुम्ही चंद्रोदयानंतर विचारा."