आठ वर्षांचं पेट्रोल

फ्रीजबाई मोटरसायकलवरून कधी पडल्या नाहीत. एकवीस वर्षं त्यांनी खडीतून, वाळूतून, एकदा तर पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घातली, पण पडल्या म्हणून नाही. पडल्या त्या वर्कशॉपातल्या स्टुलावरून, वरच्या फळीवरची तांब्याच्या नळीची गुंडाळी काढताना, आणि उजवं मनगट मोडून बसल्या. हे कुणाला सांगायचं म्हणजे त्यांच्या अगदी जिवावर यायचं. डॉक्टरांनासुद्धा त्यांनी आधी "गाडीवरून" असंच सांगितलं होतं. सुनेनं मागून खाकरून दुरुस्ती केली.

त्यांचं काम म्हणजे लांबलांबच्या आरोग्यकेंद्रांत लसी ठेवायचे जे फ्रीज असतात, ते चालू ठेवायचे. अशी अकरा केंद्रं त्यांच्याकडे होती. सगळ्यात शेवटचं दोनशे किलोमीटरवर. वाटेत ऐंशी किलोमीटरवर एक पेट्रोलपंप, आणि त्याच्या पुढे काही म्हणजे काही नाही. जाऊन-येऊन चारशे. टाकी भरली की गाडी साडेतीनशे चालते, तेही वारा तोंडावर नसेल तर. म्हणून गाडीच्या डाव्या अंगाला, सायलेन्सरपासून लांब, रबराच्या पट्टीवर टेकवून आवळलेला पाच लिटरचा लोखंडी डबा असायचा.

ह्या डब्यावर बाई तासभर बोलू शकत. प्लॅस्टिकचा कॅन न्यायचा नाही, तो घासून घासून भोक पाडतो. डबा भरताना जमिनीवर ठेवायचा, गाडीवर नाही. वर चार बोटं रिकामं सोडायचं, उन्हात पेट्रोल फुगतं. आणि मुख्य म्हणजे, डबा हिशेबात धरायचा नाही. डबा आहे म्हणून पंप टाळून पुढे गेलेली माणसं त्यांनी रस्त्याच्या कडेला बसलेली पाहिली होती. शेवटी त्या तो लाडका पालुपदासारखा मुद्दा सांगत, "आठ वर्षांत मी ह्या डब्याचं झाकण उघडलेलं नाही. एकदाही नाही. ह्याला म्हणतात तयारीनं गाडी चालवणं."

ऐकणारे माना डोलवत. आपणही डोलावली असती.

सून मात्र माना डोलावणाऱ्यांतली नव्हती. लग्नाआधी सहा वर्षं तिनं औषधांच्या दुकानात काढली होती. घरात आलेली कुठलीही वस्तू ती आधी उलटी करून तारीख बघायची. बिस्किटाचा पुडा, टूथपेस्ट, पापड, काहीही. नवऱ्याला ह्याची सवय झाली होती. नवरा, म्हणजे बाईंचा मुलगा, छापखान्यात कामाला होता. मोटरसायकलवर बसला की त्याच्या पाठीत चमक निघायची, आणि आई आणि बायको यांच्या मध्ये पडायचं म्हटलं तरी पाठीतच निघायची. त्यामुळे काम शिकली ती सून. दीड वर्ष बाईंच्या मागोमाग दुसरी गाडी घेऊन फिरली, फ्रीज उघडायला, गॅस भरायला, मोटर चालू करणारा रिले बदलायला शिकली. हाताला चांगली होती. बाई हे तिच्या तोंडावर कधी बोलल्या नाहीत, पण शेजारणीला दोनदा सांगितलं होतं.

आता बाईंचा हात प्लॅस्टरमध्ये गेला आणि आरोग्य खात्याच्या ऑफिसातून पत्र आलं. एका कंपनीनं सगळी अकरा केंद्रं घ्यायची तयारी दाखवली होती. त्यांच्याकडे व्हॅन होती, दोन मेकॅनिक होते. बाईंच्या जागी फेरी कोण करणार त्याचं नाव शुक्रवारी पाच वाजेपर्यंत कळवा, नाहीतर काम कंपनीकडे जाईल. पत्रात न लिहिलेली गोष्ट बाईंना पक्की ठाऊक होती. व्हॅन शेवटच्या तीन केंद्रांना जायची नाही. रस्ता नाही, ड्रायव्हर नको म्हणतो, पुढच्या आठवड्यात बघू, असं करत करत तिथले फ्रीज बंद पडून राहणार. एकवीस वर्षं राखलेली फेरी अशी एका कागदावर जाणार होती. सुनेचं नाव द्यायचं तर ती शेवटच्या केंद्राला एकटी एकदाही गेलेली नव्हती.

आणि नेमका गुरुवारी दुपारी शेवटच्या केंद्रातल्या सिस्टरचा फोन आला. फ्रीज सकाळपासून बंद. लस बर्फाच्या पेटीत हलवलीय, पण बर्फ उद्या दुपारपर्यंतच टिकेल.

"उद्या सकाळी सहाला निघ," बाई सुनेला म्हणाल्या. "रिले दोन घे, एक पुरत नाही. आणि डब्याला हात लावू नकोस, तो भरलेलाच आहे."

सून वर्कशॉपात गेली आणि तिनं पहिल्यांदा काय केलं असेल तर डब्याला हात लावला. आतून तिचा आवाज आला, "आई, हा कधी भरला होता?"

"सांगितलं ना, भरलेला आहे."

"हो, पण कधी?"

बाई दारात आल्या. सुनेनं झाकण उघडलेलं होतं. आठ वर्षं न उघडलेलं झाकण, पकडीनं फिरवून, सरळ उघडून बाजूला ठेवलेलं. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली.

"कुणाला विचारून उघडलंस?"

"वास बघा ना आई. पेट्रोलचा वास नाही हा. वॉर्निशसारखा येतोय." तिनं थोडं काचेच्या बाटलीत ओतून उजेडात धरलं. रंग काळ्या चहाचा होता. "हे खराब झालंय."

"पेट्रोल काय दूध आहे का खराब व्हायला?"

"होतं. सहा महिने, फार तर वर्ष."

"मला शिकवतेस? तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी..." इथे बाई अडखळल्या, कारण ते काही खरं नव्हतं. सून एकतीसची होती. "तू दुकानात गोळ्या मोजत होतीस तेव्हापासून मी गाडी चालवतेय. ह्या डब्याच्या जिवावर मी किती वेळा त्या पंपाच्या पुढे गेलेय, माहितीय तुला?"

"उघडला तर कधीच नाही ना?"

आता हे असलं काही सासूला ऐकवायचं नसतं. पण बाई चिडल्या की आरडाओरडा करत नसत, सिद्ध करून दाखवत. वर्कशॉपात एक छोटा जनरेटर होता. त्याची टाकी त्यांनी सुनेकडून रिकामी करवून घेतली, त्यात डब्यातलं पेट्रोल ओतायला लावलं, आणि म्हणाल्या, "ओढ दोरी."

सुनेनं दोरी ओढली. जनरेटर पहिल्या झटक्यात सुरू झाला.

बाईंनी नुसतं सुनेकडे बघितलं, आणि ते बघणं इतकं लांबवलं की जेवायला घरी आलेला मुलगा दारातून मागे सरकला. तेवढ्यात जनरेटरचा आवाज घोगरा झाला, दोनदा उचकी लागल्यासारखे आचके देऊन तो बंद पडला.

"नळीत ताजं होतं तेवढं जळलं," सून हळूच म्हणाली.

"नीट ओढ."

तिनं परत ओढली. पाच वेळा. "तुला ओढता येत नाही," असं म्हणून बाईंनी मुलाला बोलावलं. त्यानं सात वेळा ओढली आणि कमरेला हात लावून उभा राहिला. मग बाई स्वतः पुढे झाल्या. प्लॅस्टरचा हात पोटाशी धरून डाव्या हातानं ओढू लागल्या. ओढता ओढता घामाघूम झाल्या, केस सुटले, पण इंजिन ढिम्म. मुलगा म्हणाला, "आई, राहू दे." त्या थांबल्या नाहीत.

शेवटी त्या स्टुलावर बसल्या. त्याच स्टुलावर.

त्यांना एक दिवस आठवला. पाच-सहा वर्षं झाली असतील. जायचं होतं एकशेसत्तर किलोमीटरवरच्या केंद्राला, पंपावर पेट्रोल नव्हतं, वारा तोंडावर, सीटच्या मागे लसीची पेटी बांधलेली. कुणीही मागे फिरलं असतं. त्या फिरल्या नाहीत, डबा आहे म्हणाल्या आणि पुढे गेल्या. पोचल्या, आणि परत येताना टाकीतल्या शेवटच्या थेंबांवर घराच्या कोपऱ्यापर्यंत आल्या. झाकण उघडायची वेळ आली नाही ह्याचा केवढा अभिमान वाटला होता त्यांना. त्या दिवशी गाडी चार किलोमीटर आधी बंद पडली असती, तर माळावर झाकण उघडून त्यांनी हे काळं पाणी टाकीत ओतलं असतं. शिवाय त्या कायदा सांगत होत्या डबा हिशेबात न धरण्याचा, आणि आठ वर्षं स्वतः दुसरं काहीच धरत नव्हत्या. लस एक दिवस उन्हात राहिली तर फेकून द्या म्हणून सिस्टरांना दम देणारी बाई.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. मुलानं चमकून बघितलं. त्याच्या आठवणीत हे वाक्य पहिल्यांदाच आलं होतं.

सुनेनं त्याचं भांडवल केलं नाही. डबा आतून दोनदा धुतला, उन्हात उलटा ठेवून सुकवला, मग कोपऱ्यावरच्या पंपावर नेऊन, जमिनीवर ठेवून, चार बोटं सोडून भरला. परत आल्यावर झाकणाखाली कागदाची चिठ्ठी बांधली आणि तीवर तारीख घातली. "दर महिन्याला हे गाडीत ओतायचं आणि डबा नव्यानं भरायचा," ती म्हणाली. तेवढं होईतो बाईंनी जनरेटरचा कार्ब्युरेटर एका हातानं खोलून पुसायला घेतला होता. कुणी मदत करू का विचारलं, तर नाही म्हणाल्या.

शुक्रवारी सहाला सून निघाली. पावणेअकराला फोन आला.

"पोचले. रिलेच जळला होता. बसवला, फ्रीज थंड व्हायला लागलाय. तासाभरानं मीटर बघून निघते. आणि आई, मधला पंप बंद आहे. दोन दिवस पेट्रोल नाही अशी पाटी लावलीय."

"म्हणजे तू भरलंच नाहीस? मग तिथूनच मला फोन का नाही केलास?"

"काय म्हणाला असतात?"

बाईंनी विचार केला. "पुढे जा, म्हणाले असते."

"मग तेच तर केलं. पण आधी हिशेब केला. टाकी आणि डबा मिळून पाचशेच्या वर जातं. चारशे लागतात. बर्फ दुपारी संपणार होता, मागे फिरून येण्याएवढा वेळ नव्हता."

तिथून सिस्टरनं फोन घेतला आणि एवढंच म्हणाली, "बाई, पेटीतल्या बर्फाचं पाणी झालं होतं हो."

बाईंनी फोन ठेवला. हिशेब त्यांनीही मनातल्या मनात केला. बरोबर होता. तरी त्यांनी पाटीवर आकडे मांडून परत केला. गाडी साडेतीनशेच्या आसपास थांबणार, म्हणजे परतीच्या वाटेवर, बंद पंपाच्या अलीकडे नाहीतर पलीकडे, उघड्यावर. ह्या दोनशे किलोमीटरमध्ये त्यांना कुणाचीही काळजी कधी करावी लागली नव्हती, कारण जाणाऱ्या त्याच असायच्या. घरी बसून वाट बघणं हे काम किती अवघड आहे, हे मुलानं एकवीस वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. त्यांनी त्याला छापखान्यात फोन लावला. "मी बाहेर असताना तू काय करायचास?" तो म्हणाला, "भांडी घासायचो." मग त्यांनी भांडी घासली, डाव्या हातानं, दोन फोडली.

चार वाजता ऑफिसातल्या क्लार्कचा फोन आला. "बाई, आज शुक्रवार. नावाचं काय केलंत? तुमची सून गेलीय ना शेवटच्या केंद्राला? परत आली का?"

"अजून नाही."

"मग असं करा. पाचपर्यंत वेळ आहे. सुखरूप परत आली की कळवा, मग लिहितो. उगाच लिहून ठेवायचं आणि..."

बाईंनी घड्याळाकडे बघितलं, दारातून रस्त्याकडे बघितलं. रस्ता रिकामा होता.

"थांबायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "लिहा." आणि त्यांनी सुनेचं पूर्ण नाव सांगितलं.

"तात्पुरतं? प्लॅस्टर निघेपर्यंत?"

"कायमचं."

पलीकडून कागद सरकवल्याचा आवाज आला. बाईंनी फोन ठेवला आणि त्यांना रडू फुटलं. एकवीस वर्षांच्या फेरीसाठी, आणि रस्त्यावर कुठेतरी असलेल्या त्या मुलीसाठी. घरात कुणी नव्हतं, त्यामुळे त्या मनसोक्त रडल्या.

सव्वापाचला गाडीचा आवाज आला. सून धुळीनं माखली होती, ओठ फुटले होते. हेल्मेट काढून तिनं आधी पाणी मागितलं. बाईंनी दिलं, आणि ती पीत असतानाच सांगून टाकलं, "फेरी तुझ्या नावावर लिहून झाली."

सुनेनं ग्लास खाली ठेवला. "कधी?"

"चार वाजता."

"चारला तर गाडी बंद पडलेली होती, आई. पंपापासून वीस किलोमीटर अलीकडे. मी रस्त्याच्या कडेला बसून डबा ओतत होते." तिला हसावं की रागवावं कळेना. "मी येतेय की नाही हे तुम्हाला तरी काय माहीत होतं?"

"नव्हतं माहीत," बाई म्हणाल्या. "पण डबा तू भरला होतास. मी भरलेला असता तर नसतं सांगितलं नाव."