छातीवरची नात

साहेबरावांची सून दीक्षा दोन महिने आधीच बाळंत झाली. मांडवगणहून साहेबराव म्हशीच्या दुधाची किटली घेऊन शिरूरच्या दवाखान्यात हजर झाले. मूठभर नात बघून त्यांचा जीव कासावीस झाला.

“आप्पा, तिला आईचंच दूध, तेही नळीनं थेंब थेंब,” सिस्टर म्हणाल्या. “म्हशीचं अजिबात नाही.”

“मग म्या काय करू?”

“शर्ट काढा.”

साहेबराव चपापले. पण दीक्षाला ताप होता, मुलगा रांजणगावला कंपनीत, आणि बाळाला अंगाची ऊब हवी होती. सिस्टरांनी नात त्यांच्या उघड्या छातीवर फडक्यानं बांधली. मग साहेबराव रोज तासन्‌तास तसेच बसू लागले. शिंक आली तर नाक दाबून धरायचे. निवडणुकीचा उमेदवार पाया पडायला आला, त्याला नुसत्या डोळ्यांनी बाहेर घालवलं.

एका सकाळी सिस्टरांनी बाळाला काट्यावर ठेवलं आणि हसून म्हणाल्या, “वजन वाढायला लागलं, आप्पा!”

साहेबराव तसेच उघडेबंब रस्त्यावर धावले आणि दिसेल त्याला चहा सांगू लागले.

“आप्पा, कुस्ती हाय का कुठं?” चहावाल्यानं विचारलं.

“व्हय! आन् आमची पोरगी जिकली!”