मोठ्या सिस्टर आणि न टिकलेली नोंद

मोठ्या सिस्टरनी पाच वर्षांत मला एकदाही नावानं हाक मारली नाही. ‘ओ संगणक, हिकडं या,’ एवढंच. बारामतीच्या त्या खासगी दवाखान्यात मी सॉफ्टवेअर सांभाळायचो आणि त्या वॉर्ड. आमचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही.

‘झालं’ म्हणणाऱ्यावर त्यांचा विश्वास नसायचा. सलाईन लावलं म्हटलं तरी स्वतः जाऊन थेंब बघायच्या. ‘तोंडानं समदंच हुतं,’ म्हणायच्या. विसंबल्या त्या फक्त स्क्रीनवर. ‘नोंद झाली’ दिसलं की निश्चिंत व्हा, असं मीच त्यांना शिकवलं होतं.

पुढं गर्दी वाढली. प्रत्येक नोंद डिस्कवर लिहून होईपर्यंत स्क्रीन अडकायची. डॉक्टर माझ्यावर ओरडले. मी सेटिंग बदललं: आधी ‘नोंद झाली’ दाखवायचं, डिस्कवर क्षणभरानं लिहायचं. सगळे खूश. त्या क्षणात वीज गेली तर नोंद पुसली जाणार, हा धोका मला माहीत होता. मी कुणाला सांगितला नाही.

एका दुपारी सिस्टरनी इंदापूरच्या एका बाईंना एका इंजेक्शनची ॲलर्जी असल्याचं नोंदवलं. ‘नोंद झाली’ दिसलं आणि वीज गेली. सर्व्हरची बॅटरीही बसलेली. संध्याकाळच्या पाळीतल्या नर्सला स्क्रीनवर ॲलर्जी दिसली नाही, तिनं तेच इंजेक्शन दिलं. बाईंचा घसा सुजला, श्वास कोंडला. थोडक्यात वाचल्या.

चौकशीत मी डेटाबेस बघून सांगितलं, ‘अशी नोंदच नाही.’ सिस्टरना नोटीस मिळाली.

‘म्या डोळ्यांनी बघितलंय,’ त्या माझ्यावर कडाडल्या. ‘खोटं तुमचं मशीन बोलतंय, न्हायतर तुमी!’

दोन दिवस मी गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी एक नोंद केली आणि लगेच सर्व्हरची वायर उपसली. नोंद गायब. मग डॉक्टरांना सगळं सांगितलं. नोटीस मागं घेतली गेली. मी सिस्टरकडं गेलो.

‘आता सगळं पहिल्यासारखं हळू करतो.’

‘आन् दारातला पेशंट ताटकळू द्यायचा व्हय? ॲलर्जी, रक्तगट, औषध, ह्येला थांबू द्या. खाटंचा नंबर, जेवणाचं ताट पळू द्या की!’

मी अगदी तसंच केलं. आजही जिथं काम करतो, तिथं आधी हीच विभागणी करतो. मला ती कुणी इतक्या रागानं आणि इतकी स्वच्छ शिकवली नव्हती.

सिस्टरच्या निवृत्तीच्या दिवशी मी त्यांना एसटी स्टँडवर गाठलं आणि माफी मागितली.

‘मशीनला ठावं न्हवतं,’ त्या म्हणाल्या. ‘तुमाला ठावं हुतं.’

आणि इंदापूरच्या गाडीत चढल्या.