भाऊसाहेबांची गरिबी

भाऊसाहेब पंचायत समितीत विस्तार अधिकारी होते. पाहणी पथक येणार म्हटलं की गाव किती गरीब दिसायला हवं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नसे. ट्रॅक्टर ओढ्याआड जायचा, रंगवलेल्या भिंतीवर शेणाचा हात फिरायचा. निधी हमखास मिळायचा. निवृत्तीनंतर ही विद्या वायाच चालली होती. न्यूझीलंडमध्ये, लोअर हटला लेकीच्या घरी ते डिशवॉशर भरत दिवस काढायचे.

लेक संपदा वेलिंग्टनला परदेशी मदतीच्या सरकारी खात्यात होती. पॅसिफिक बेटांवरचं दारिद्र्य हटवायचं तिचं काम, आणि आता खात्यातच कपात निघालेली. नोकरी जाणार या धास्तीने तिची झोप उडाली होती. त्यातच तिने खात्याचे प्रमुख ग्रॅहमसाहेब यांना जेवायला बोलावलं.

गरिबी हटवणारा साहेब घरी येतोय म्हटल्यावर भाऊसाहेबांनी रीतसर तयारी केली. संपदा साहेबांना घेऊन ट्रेनने आली, तर सोफा गॅरेजमध्ये, टीव्ही शेजाऱ्यांकडे, हीटर बंद आणि चटईवर पिठलं-भाकरी. भाऊसाहेबांच्या अंगात भोकाचा स्वेटर. धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं.

ग्रॅहम पोटभर जेवला आणि मग हळूच विचारता झाला, हे मुद्दाम केलंय का. भाऊसाहेबांनी ताठ मानेने हो म्हटलं. साहेब खुलला. गुरुवारी त्याच्याच खात्यावर पथक येणार होतं, उधळपट्टी शोधायला. तिथेही अशीच तयारी करून द्याल का, असं त्याने विचारलं.

"बाबा, प्लीज, नाही म्हणा."

"तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे. तू गप्प बस."

बुधवारी भाऊसाहेबांनी खातं ताब्यात घेतलं. कॉफी मशीन जिन्याखाली गेलं, मोडक्या खुर्च्या पुढे आल्या. चांगले धिप्पाड अधिकारी भर थंडीत जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून बसले. कुणी हसायचं नाही, अशी सक्त ताकीद होती.

पथक हळहळलं, जरा जास्तच हळहळलं. जे स्वतःच इतके दीन, ते दुसऱ्याला काय देणार, असा निकाल लागला. बेटांचं काम थांबलं आणि खातंच मदतीला पात्र ठरलं. बातमी पसरली. महिन्याभरात एका बेटावरून मायेने ब्लँकेटं आली. गेल्या वादळानंतर संपदानेच पाठवलेली, नीट धुऊन घडी घातलेली.

ती ब्लँकेटं खात्यात वाटायला माणूस हवं होतं, म्हणून संपदाची नोकरी राहिली. उरलेलं एक ब्लँकेट घेऊन ती घरी आली आणि बाबांसमोर बसून रडली. तिला खरोखर लाज वाटत होती.

"निधी आला ना?" भाऊसाहेबांनी ते तिच्या खांद्यावर टाकलं. "मग आता झोप."

आणि तिला झोप लागली.