सासूबाईंच्या डोळ्यांची तोंडी परीक्षा

आधी चहा घ्या हातात, मग सांगते. आमच्या सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या वेळी मी अशी काही माती खाल्ली, की अजून त्या हॉस्पिटलवरून जाताना ओढणी तोंडावर घेते!

आम्ही करंजाडेत राहतो. मी सकाळी पोळ्या लाटायच्या कामाला जाते आणि आमची चार वर्षांची आर्वी दुपारी बालवाडीतून सुटली की तिला आई घेऊन येतात. आई म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर करंजा बंदराचं, त्यामुळे आवाजही बंदरावरचा. एका दिवशी त्या बालवाडीतून निघाल्या आणि कोपऱ्यापर्यंत आल्या तर मागून बालवाडीच्या बाई धावत! का? तर आईंनी दुसऱ्याचीच पोरगी धरून आणलेली!

पोरगीही हूं की चूं न करता चाललेली. चालणारच, आईंनी तिच्या हातात चिकी दिली होती.

"अगो, फ्रॉक सारखा, रिबिनीच्या येण्या सारख्या. मना काय दिसतं?" संध्याकाळी आई मला म्हणाल्या.

आज दुसऱ्याची आणली, उद्या आपली कुठे सोडून आल्या तर? काम सोडू की पोरीला एकटी सोडू? ऑपरेशन करायचंच, असं ठरलं.

हॉस्पिटलात गेलो. तिथली सिस्टर म्हणाली, "पुढच्या वेळी तपासणी. डोळ्याचे फोटो काढायचे, आजींनी तक्ता वाचायचा, ते सगळं कॉम्प्युटरमध्ये टाकायचं. एआय आहे त्यात. ऑपरेशननंतर किती दिसेल, त्याचा अंदाज आधीच सांगतो."

"आणि अंदाज वाईट आला तर?"

"मग मॅडम ठरवतील," असं म्हणून ती गेली.

झालं! मी काय समजले असेन? ही परीक्षा आहे. आई नापास झाल्या तर कॉम्प्युटर त्यांना ऑपरेशनला घेणारच नाही! मी सातवीपर्यंत शिकलेली, परीक्षा म्हटलं की मला अजून घाम फुटतो. आणि परीक्षेची तयारी म्हणजे काय, हे मला पक्कं ठाऊक. आर्वीच्या अ‍ॅडमिशनच्या वेळी रंग, फळं, प्राणी, सगळं घोकून घेतलं होतं की!

समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावलेला. वर मोठं अक्षर, खाली बारीक बारीक होत गेलेली. मी बाकावर बसून गुपचूप अख्खा तक्ता मोबाइलमध्ये टाइप करून घेतला. शेवटची ओळ जरा मुंगीएवढी होती, पण डोळे बारीक करून तीही घेतली.

घरी शिकवणी सुरू. भाजी निवडताना पहिली ओळ, भांडी घासताना दुसरी.

"सुजे, हे चोरी तर नाय ना?" आईंनी विचारलं.

"आई, सगळेच क्लास लावतात!"

तपासणीचा दिवस आला. आईंचा डावा डोळा झाकून सिस्टरने छडी उचलली, तोवर आई सुरू! पाढे म्हणावेत तशा, वरपासून खालपर्यंत, एका दमात. सिस्टरने निमूटपणे लिहून घेतलं. मला तर पेढे वाटावेसे वाटले.

आत डॉक्टर मॅडम स्क्रीनकडे बघत बसल्या. कपाळाला आठ्या.

"गंमत आहे. फोटोत मोतीबिंदू चांगला पिकलेला दिसतोय. पण आजी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतायत. आणि हा कॉम्प्युटर म्हणतो, ऑपरेशननंतर शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंतच वाचतील. म्हणजे आत्तापेक्षा कमी! मग ऑपरेशन करायचं कशाला? सहा महिने थांबू या."

सहा महिने! तोवर आई बालवाडीतून कोणाकोणाला आणतील?

आई मात्र खूश. "पास झाली ना मी?"

मॅडमनी त्यांच्याकडे रोखून बघितलं आणि पलीकडच्या भिंतीपाशी जाऊन हात वर केला. "आजी, ही बोटं किती?"

आई माझ्याकडे वळून मोठ्यांदा, "सुजे, हे तू शिकवलंच नाय!"

दारात उभ्या सिस्टरच्या हातातली छडी पडली. बाहेरच्या बाकावरचे पेशंटसुद्धा हसले. मॅडम एवढं हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसले.

"अहो ताई, हा पास-नापास करत नाही. तो मुख्यतः फोटोंवरून अंदाज बांधतो, पण आत्ता किती दिसतं ते खरं कळलं, तरच ऑपरेशनचा फायदा कळतो. मी पुन्हा तपासते. आजी, दिसेल तेवढंच म्हणा."

आईंनी कसंबसं वरचं एकच मोठं अक्षर सांगितलं. कॉम्प्युटरचा अंदाज तोच, शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत. "आता जुळतंय. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करू या," मॅडम म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला.

निघताना त्या म्हणाल्या, "आजींचं पाठांतर उत्तम. पण शेवटच्या ओळीतली तीन अक्षरं चुकीची होती. शिकवणारीचे डोळे तपासून घ्या."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय!" मी म्हटलं आणि विषय तिथेच सोडला.

ऑपरेशन झालं. काही दिवसांनी आईंनी तक्ता वाचला, स्वतःच्या डोळ्यांनी. बरोब्बर कॉम्प्युटरने सांगितलेल्या ओळीपर्यंत!

परवा आम्ही दोघी मिळून बालवाडीत गेलो. आईंना काळा चष्मा. गेट उघडलं, पोरांचा लोंढा बाहेर आला. मी लांबूनच ओळखलं, धावत गेले, मागूनच हात धरला, दप्तर खांद्यावर टाकलं आणि निघाले.

मागून बंदरावरचा आवाज आला, "सुजेऽऽ! ती आपली नाय! आपली तिकडं घसरगुंडीवर हाय!"

मी खाली वाकून बघितलं. तीच पोरगी! त्या दिवशी आईंनी आणलेली! तिने शांतपणे हात पुढे केला.

"काकू, आज चिकी नाही?"

आईंनी पिशवीतून चिकी काढून तिच्या हातावर ठेवली. मग माझ्या खांद्यावरचं दप्तर उतरवून घेत म्हणाल्या, "चल आता डाक्टरीणबाईकडं. आणि सुजे, पाठांतर करायचं नाय हां!"